रासायनिक समतोल परीक्षानळीत कसा पाहावा

उत्क्रमणीय, म्हणजे पुढे आणि उलट अशा दोन्ही दिशांनी चालणाऱ्या अभिक्रियेत समतोल साधला म्हणजे अभिक्रिया थांबली, हा समज विद्यार्थ्यांच्या मनात इतका घट्ट बसलेला असतो की तो घालवायला सूत्र पुरत नाही, रंगच दाखवावा लागतो. त्यासाठी फेरिक नायट्रेट आणि पोटॅशियम थायोसायनेट यांची ०.००२ मोलर (एका लिटरमध्ये ०.००२ मोल पदार्थ असलेली) द्रावणे घ्यावीत. फेरिक नायट्रेटच्या द्रावणात आधीच थोडे विरल नायट्रिक आम्ल असावे, नाहीतर ते तपकिरी आणि गढूळ होते. थायोसायनेटमध्ये संहत आम्ल मात्र कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो.

प्रत्येकी १० मिली द्रावण एकत्र करताच फेरिक (लोहाचा) आयन आणि थायोसायनेट आयन जोडून लाल आयन बनतो, त्यामुळे तांबूस नारिंगी रंग येतो आणि तिथेच स्थिरावतो. हे मिश्रण एकाच मापाच्या पाच परीक्षानळ्यांत ४-४ मिली ओतावे आणि पहिली नळी तुलनेसाठी तशीच ठेवावी. दुसरीत ०.२ मोलर फेरिक नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत, तिसरीत तितक्याच तीव्रतेच्या थायोसायनेटचे. दोन्हींत रंग गडद होतो, म्हणजे दोन्ही अभिक्रियाकारक शिल्लक होते. समतोल स्थिरांक (समतोलात उत्पादित आणि अभिक्रियाकारक यांच्या संहतींचे, म्हणजे द्रावणातील प्रमाणांचे, ठरावीक गुणोत्तर) सुमारे १४० धरला, तर पहिल्या नळीतले जेमतेम ११ टक्के फेरिक आयन लाल आयनात गेलेले निघतात. समतोलात सारख्या होतात त्या पुढच्या आणि उलट अभिक्रियेच्या गती, संहती नव्हेत.

चौथ्या नळीत ४ मिली पाणी घालावे. हा भाग घाईने उरकू नये. बाजूने पाहिल्यास रंग फिका दिसणारच; म्हणून ती आणि पहिली नळी पांढऱ्या कागदावर उभी धरून वरून खाली पाहावे. द्रावणाची संहती निम्मी झाली, पण त्याची उंचीही दुप्पट झाली, तेव्हा नुसतेच पाणी मिसळले गेले असते तर वरून रंग तेवढाच दिसला असता. तो स्पष्ट फिका दिसतो, कारण दोन आयनांच्या भेटीवर अवलंबून असलेल्या पुढच्या अभिक्रियेची गती एक चतुर्थांशावर येते, तर एकट्या आयनाच्या विघटनाची गती निम्म्यावरच थांबते, आणि नवा समतोल साधेपर्यंत लाल आयन तुटत राहतात.

पाचवी नळी ज्योतीवर न धरता गरम पाण्यात ठेवावी. पुढची अभिक्रिया उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी असल्याने, ल शातेलिए यांनी १८८४ साली मांडलेल्या तत्त्वानुसार (लादलेला बदल कमी होईल त्या दिशेने समतोल सरकतो), तापमान वाढताच रंग उतरतो. मग तीच नळी थंड पाण्यात ठेवून रंग परत येताना पाहावा.