परदेशात नर्सिंग शिकून बडोद्यात परतताय? या चुका टाळा

"जाधव, लव्ह, माझी गोळी राहिली!" इंग्लंडमधल्या वॉर्डात आजीबाई माझ्या भाचीला तीन वर्षं अशीच हाक मारत होत्या. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आम्ही तिचा पहिला पासपोर्ट त्या मार्कशीटवरून काढला. तिन्ही शब्द 'गिव्हन नेम'च्या चौकटीत, 'सरनेम'ची चौकट कोरी. तिकडच्या युनिव्हर्सिटीने पहिला शब्द तेच पहिलं नाव धरलं. बॅजवर तेच, डिग्रीवर तेच, तिथल्या नर्सिंग रजिस्टरवरही तेच. पुढे पासपोर्टची मुदत संपली, नवा काढताना आम्ही नाव नीट करून घेतलं आणि सुटलो असं वाटलं. मग ताईला पॅरालिसिसचा झटका आला म्हणून पोर कायमची परत आली, इथल्या नोंदणीची फाइल लावली, आणि कागदांवर एकीच्या दोन मुली निघाल्या.

तेव्हा पहिली गोष्ट ही. फॉर्म भरण्याआधी बारावीची मार्कशीट, आधार आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. घोळ होऊन गेला असेल तर आधी तिकडच्या युनिव्हर्सिटीला आणि कौन्सिलला (नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेला) नव्या पासपोर्टची प्रत पाठवून दुरुस्ती मागा. तिथे जे दुरुस्त होणार नाही, त्यालाच इथलं अ‍ॅफिडेव्हिट आणि गॅझेट. आणि फाइल अर्ध्यावर असताना लग्नानंतरचं नाव लावू नका. सासूबाईंना हवं तर माझ्याकडे पाठवा.

मी स्वतः सिस्टर. नोकरीतली बहुतेक वर्षं लेबर रूममध्ये गेली. आता रिटायर आहे, त्यामुळे दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणाचे ना कुणाचे आईबाप प्लास्टिकची फाइल घेऊन येतात. येतात ते मुलगी गेल्यावर, क्वचित परत आल्यावर. जायच्या आधी फारसं कुणी येत नाही.

नर्सिंगसारखा दिसणारा कोर्स

अलकापुरीत एजंटांच्या पाट्या कमी नाहीत. "इंडियामां पण चालशे, बेन" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते गुजरातीतच डोक्यात वाजतं. त्याला एकच प्रश्न विचारा: हा कोर्स पूर्ण झाला की त्या देशात नर्स म्हणून रजिस्ट्रेशन मिळतं का? हो म्हणाला तर कुठल्या कौन्सिलचं, ते कागदावर लिहून मागा आणि त्या कौन्सिलच्या यादीत कॉलेज स्वतः शोधा. जिथे शिकलात तिथेच तुम्ही नर्स नसाल, तर इथे कुणी कशाला मानेल?

कॅनडाचा पर्सनल सपोर्ट वर्करचा कोर्स म्हणजे नर्सिंग नव्हे. इंग्लंडचं 'हेल्थ अँड सोशल केअर' नर्सिंग नव्हे. जर्मनीत एक वर्षाचा मदतनीसाचा कोर्स वेगळा आणि तीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत घ्यायचं प्रशिक्षण, वेगळं. नर्स होता येतं ते दुसऱ्याने. सगळ्यात फसवं नाव एमएस्सी नर्सिंगचं. इंग्लंडमध्ये दोन वर्षांचं 'प्री-रजिस्ट्रेशन' एमएस्सी असतं, त्यातून रजिस्टरवर नाव चढतं. दुसरं एक वर्षाचं असतं. ते आधीच नर्स असलेल्यांसाठी. त्यातून रजिस्ट्रेशन मिळत नाही. इथलं एमएस्सी दोन वर्षांचं, तेव्हा ते एक वर्षाचं करून कॉलेजात शिकवायला लागू असं कुणाच्या मनात असेल, तर पैसे भरायच्या आधी समकक्षतेचं, म्हणजे इथे ते कशाच्या बरोबरीचं धरतात याचं, विचारून घ्या.

बारावी कॉमर्स किंवा आर्ट्सच्या मुलींनी आणखी एक बघावं. तिकडच्या कित्येक कॉलेजांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीशी देणंघेणं नसतं. आपल्याकडे बीएस्सी नर्सिंगला ते तिन्ही विषय आणि इंग्रजी लागतं. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, मात्र कुठल्याही शाखेची बारावी चालते. परत आल्यावर तुमची डिग्री कशाच्या बरोबरीची धरणार, हे त्यामुळे आधी लेखी विचारलेलं बरं.

बाळंतपण कुठे शिकलात?

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. आपल्याकडे नर्सच्या नोंदणीत दोन गोष्टी एकत्र येतात: रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ (बाळंतपण करणारी), आरएनआरएम. जीएनएम असो की बीएस्सी, मुलीला लेबर रूमचं पोस्टिंग असतंच. पोटावरून बाळाची स्थिती तपासणं, कळा मोजणं, डिलिव्हरी करणं, वार पूर्ण आली की नाही ते बघणं, हे सगळं करून केसबुकात लिहायचं आणि त्यावर सही घ्यायची. त्या सहीसाठी मुली माझ्यामागे कशा धावायच्या ते आठवलं की अजून हसू येतं.

इंग्लंडमध्ये मिडवाइफ हा वेगळा पेशा, वेगळं शिक्षण, रजिस्टरचा वेगळा भाग. नर्सिंगचेही तिथे चार फाटे आहेत: अ‍ॅडल्ट, मुलांचं, मानसिक आजारांचं आणि लर्निंग डिसॅबिलिटीचं. जर्मनीत, ऑस्ट्रेलियातही मिडवाइफरीची वाट निराळी. भाची अ‍ॅडल्ट नर्स. हृदयाचे, स्ट्रोकचे पेशंट ती माझ्यापेक्षा चांगले सांभाळते. पण परत आल्यावर मी सहज विचारलं, "किती डिलिव्हऱ्या केल्यास?" ती म्हणाली, "मावशी, दोन बघितल्या. लांबून."

समकक्षता देणारे शेजारी शेजारी ठेवतात ते दोन अभ्यासक्रम. पेशंटला तुम्ही किती छान सांभाळता ते तिथे दिसत नाही. तेव्हा तिकडे असतानाच मॅटर्निटीची प्लेसमेंट, म्हणजे बाळंतपणाच्या वॉर्डातलं पोस्टिंग, मागून घ्या, मिळेल तितकी, आणि तिच्या तासांचं पत्र वॉर्डच्या सहीनिशी ठेवा. ते पत्र म्हणजे मिडवाइफरी नव्हे, पण कोरी पाटी आणि काही अक्षरं यांत फरक असतो. परत येऊन अडकलेल्या मुली एक हमखास चूक करतात: कुणाच्या तरी ओळखीच्या नर्सिंग होममध्ये सहा महिने काम करून तिथलं सर्टिफिकेट फाइलला जोडतात. ते धरलं जाईल या भरवशावर राहू नका. आधी इथल्या कौन्सिलकडून नेमकं काय कमी पडतंय ते लेखी घ्या, ते कुठल्या मान्यताप्राप्त संस्थेत पूर्ण करायचं ते विचारा, मगच पाय ठेवा. आणि रजिस्ट्रेशन नसताना 'ट्रेनी' म्हणून नर्सची ड्यूटी करणं बेकायदा. उद्या पेशंटचं काही झालं तर तो नर्सिंग होमवाला तुम्हाला ओळख दाखवणार नाही.

तास मोजून आणा

नुसती मार्कशीट पुरत नाही. कुठल्या विषयाचे थिअरीचे किती तास, कुठल्या वॉर्डात प्रॅक्टिकलचे किती, असं ट्रान्सक्रिप्ट लागतं, सोबत तुमच्या बॅचचा अभ्यासक्रम. देशोदेशी हे आकडे किती वेगळे आहेत बघा. इंग्लंडमध्ये 4,600 तास, निम्मे थिअरीचे, निम्मे प्रॅक्टिसचे. जर्मनीच्या आउसबिल्डुंगात 2,100 तास वर्गात आणि 2,500 तास कामावर. ऑस्ट्रेलियाच्या तीन वर्षांच्या डिग्रीत प्लेसमेंटचे किमान तास 800. म्हणजे 'परदेशी डिग्री' असं एक काही नसतंच. ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांनी तर एकेका तासाचा पुरावा जपावा.

भाचीचं युनिव्हर्सिटीचं लॉगिन डिग्रीनंतर काही महिन्यांनी बंद झालं आणि मॉड्यूलची सगळी हँडबुकं त्याच्या आतच राहिली. मग ईमेल, मग उत्तर, मग चुकीच्या वर्षाची हँडबुकं. दर वर्षाच्या शेवटी डाउनलोड करा, शिक्का मारून घ्या. दहा मिनिटांचं काम.

कुठला कागद कुठे चालतो

भारतातलं लायसन्स म्हणजे राज्याच्या कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव; आपल्यासाठी गुजरात नर्सिंग कौन्सिल. परदेशी शिक्षण असेल तर त्याआधी दिल्लीच्या इंडियन नर्सिंग कौन्सिलची समकक्षता. ही कौन्सिल 1947 च्या कायद्याची. 2023 मध्ये संसदेने तिच्या जागी राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला आहे. तेव्हा मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म झेरॉक्स करून वापरू नका. अर्जाच्या दिवशी अधिकार कुणाकडे आहे ते बघून नवा घ्या. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचं समकक्षतेचं पत्र शिक्षणापुरतं असतं, त्यावर इंजेक्शन देता येत नाही.

अपॉस्टिलबद्दल, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा शिक्का, त्याबद्दल एक खोच. भारत 2005 पासून त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, इंग्लंडही आहे, त्यामुळे तिथला शिक्का इथे चालतो. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतला होता. तिथून येणाऱ्यांनी निघण्याआधी भारतीय वकिलातीत विचारून तिच्या प्रमाणीकरणाची सोय करावी आणि इंग्रजी भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून घ्यावं.

रजिस्ट्रेशनची खात्री करणारं पत्र तिकडची कौन्सिल सहसा परस्पर पाठवते, तुमच्या हातात देत नाही. आणि तिथलं रजिस्ट्रेशन परत आल्या आल्या सोडून देऊ नका. भाची सोडणारच होती, "आता इथेच राहायचंय तर वर्षाला 120 पौंड कशाला?" इंग्लंडमध्ये दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशन, म्हणजे रजिस्ट्रेशन टिकवण्यासाठीची तपासणी, असतं, त्यात 450 तासांचं काम आणि 35 तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. इथली फाइल रखडली आणि तिथलं नाव निघालं, तर दोन्हीकडून रिकामे हात. मी तिला फी भरायला लावली. पुढच्या वर्षीची तारीख कालनिर्णयवर गॅस सिलिंडरच्या तारखेखालीच लिहून ठेवली आहे.