टॅबवर मराठी वर्ड फाईल एडिट करायची असेल तर

बऱ्याच लोकांना वाटतं टॅब म्हणजे पिक्चर बघायला आणि पोरांच्या क्लासला, वर्डचं काम असेल तर कॉम्प्युटरच हवा. तसं काही नाहीये. सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त, मंडळाची स्मरणिका, कोणीतरी तपासायला पाठवलेला लेख, असलं काम टॅबवर छान होतं. फक्त एक गोष्ट आधीच ठरवून टाका, टॅबवर मजकूर दुरुस्त करायचा, पानं लावायची नाहीत. फोटो इकडे तिकडे सरकवणं, मोठे टेबल, समास, अनुक्रमणिका हे सगळं शेवटी कॉम्प्युटरवरच करा, बोटाने ते करत बसलात तर वेळही जातो आणि फाईलही बिघडते.

आता ॲप कुठलं. मायक्रोसॉफ्टचं वर्ड ॲप १०.१ इंचापर्यंतच्या स्क्रीनवर साध्या एडिटिंगसाठी फ्री आहे, अकाउंटने लॉगिन करावं लागतं एवढंच. पण टॅब ११ इंची असेल (हल्ली बरेच तसेच येतात) तर एडिट करायला मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सबस्क्रिप्शन लागतं, नुसती वाचायला फाईल उघडते. अशा वेळी सरळ गुगल डॉक्स घ्या. त्यात वर्डची (.docx) फाईल आहे त्याच फॉरमॅटमध्ये उघडते आणि तशीच सेव्ह पण होते, गुगलच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करू का असा पर्याय दिसला तर उगाच दाबू नका, नाहीतर एकाच लेखाच्या दोन फाईली होतात आणि मग कुठली ताजी हे कोणालाच कळत नाही. गाडीत बसून काम करायचं असेल तर फाईलच्या तीन टिंबांच्या मेनूत जाऊन ती ऑफलाईन ठेवा, हे घरचं वायफाय असतानाच करायचं.

व्हॉट्सॲपवर आलेली फाईल तिथूनच उघडून लगेच टाईप करायला जाऊ नका. बहुतेक वेळा ती रीड ओन्ली उघडते. आधी कॉपी सेव्ह करा, नावात तारीख घाला आणि त्या कॉपीवर काम करा. मूळ फाईल हात न लावता तशीच राहू द्या, कारण ऑटोसेव्ह चालू असतं आणि चुकून उडालेला परिच्छेद पण तसाच सेव्ह होऊन जातो.

आता मराठीवाल्यांची खरी डोकेदुखी, फॉन्ट. फाईल उघडली आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं दिसली तर घाबरू नका, फाईल खराब झालेली नाही. ती श्रीलिपी किंवा कृतिदेव सारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असते, तो फॉन्ट तुमच्या टॅबवर नाही एवढंच. पण त्यात एक अक्षरही टाईप करू नका! तुम्ही टॅबवर टाईप करता ते युनिकोड असतं (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते अशी पद्धत), दोन्ही मिसळलं की पुढे डीटीपीवाल्याला अख्खा लेख हाताने निस्तरावा लागतो. ज्याने पाठवली त्यालाच सांगा की युनिकोडमध्ये करून पाठव. कन्व्हर्टरच्या साईट्स आहेत, पण खाजगी कागदपत्रं, भाडेकरार वगैरे अशा साईटवर चिकटवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आणि रूपांतर झाल्यावर एकदा नीट वाचा, जोडाक्षरं आणि रफार हमखास तिथेच चुकतात.

युनिकोड असूनही मंगल फॉन्टची फाईल टॅबवर वेगळी दिसू शकते, कारण मंगल विंडोजचा आहे आणि टॅब त्याच्या जागी स्वतःचा फॉन्ट दाखवतो. त्यामुळे १२ पानांची फाईल १३ पानांची दिसली तर एंटर मारून किंवा ओळी उडवून ती बसवायला जाऊ नका, कॉम्प्युटरवर परत गेली की पुन्हा मंगलमध्येच दिसेल.

टायपिंगचं म्हणाल तर जीबोर्डमध्ये (गुगलचं कीबोर्ड ॲप) मराठी ॲड करून घ्या. कर्सर बोटाने नेमका ठेवणं अवघड जातं, त्यापेक्षा स्पेसबारवर बोट सरकवा, कर्सर एकेक अक्षर सरकतो. आयपॅडवर स्पेसबार दाबून धरला की तोच ट्रॅकपॅड होतो. ऱ्हस्व दीर्घ दुरुस्त करायला पूर्ण शब्द खोडायची गरज नाही, अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून एकदाच बॅकस्पेस मारला की फक्त वेलांटी जाते, मग बरोबर ती टाका. जोडाक्षराच्या मधोमध मात्र कर्सर जात नाही, तिथे ते अक्षर पूर्ण खोडून परत लिहिलेलं बरं.

फाईलमध्ये एखादा शब्द शोधताना एक काळजी घ्या. "दुसऱ्या" मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाईप होतो, दिसायला एकसारखाच पण फाईलच्या आत वेगळा, त्यामुळे पूर्ण शब्द शोधला तर अर्धे सापडत नाहीत. नुसतं "दुस" शोधा, सगळे सापडतील. "तुमच्या सगळ्या चुका काढल्या" म्हणून फाईल परत पाठवायच्या आधी हे एकदा कराच.

दुसऱ्याचा लेख असेल तर रिव्ह्यूमधलं ट्रॅक चेंजेस चालू केल्याशिवाय सुरुवातच करू नका, गुगल डॉक्समध्ये तेच सजेस्ट चेंजेस नावाने आहे. लिहिणाऱ्याला कळलं पाहिजे की काय बदललंय, आणि पटलं नाही तर नाकारायचा हक्क त्याचा आहे. शंका असेल तिथे शब्द बदलू नका, कॉमेंट टाका. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, गुपचूप बदललेलं वाक्य छापून आल्यावर लेखकाला दिसतं आणि तेव्हा वाईट वाटतं.

रोजचं काम असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड घ्या, कंट्रोल झेड, कंट्रोल एफ सगळं चालतं. पण विकत घ्यायच्या आधी तुमच्या टॅबला जोडून त्यावर मराठी टाईप होतंय का ते दुकानातच बघा, इंग्रजी चाललं म्हणजे मराठी चालेलच असं नाही. आणि परत पाठवताना वर्डचीच फाईल पाठवा, पीडीएफ केलीत तर समोरच्याला तुमचे बदल ना स्वीकारता येतील ना नाकारता.