नवीन फ्लॅटमध्ये जाताय? आधी एवढं करून ठेवा
सामान हलवायच्या आधी एकदा रिकाम्या घरात जाऊन या, मोजायची टेप घेऊनच. दाराची, लिफ्टची रुंदी मोजा, नाहीतर कपाट जिन्यातच अडकतं. नळ सोडून बघा, फ्लश चालतोय का, मेन स्विच कुठाय, आणि मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा म्हणजे पुढे बिलावरून वाद नको.

मग एक पिशवी वेगळी भरा, ती सामानाच्या गाडीत टाकायचीच नाही, स्वतःजवळ ठेवायची, त्यात कात्री, स्क्रू ड्रायव्हर, दोन बल्ब, चार्जर, औषधं, साबण, चादर. रात्री दमून भागून खोके उचकायला खरंच जीव राहत नाही हो.

फ्रिज आडवा आणला असेल तर लगेच चालू करू नका, काही तास उभा राहू दे, कॉम्प्रेसरमधलं तेल परत खाली बसायला वेळ लागतो.