छोटं ऑफिस पर्यावरणपूरक करायचंय? आधी रात्रीचा मीटर बघा

ऑफिस 'ग्रीन' करायचं ठरलं की पहिली खरेदी बहुधा बांबूच्या पेनस्टँडची होते आणि दुसरी कुंड्यांची. कुंड्या जरूर ठेवा, डोळ्यांना बरं वाटतं. पण चार कुंड्यांनी खोलीतली हवा शुद्ध होत नाही. दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसात वीज, कागद, पाणी नेमकं कुठे जातं ते आधी मोजावं लागतं. त्यासाठी एक वही आणि विजेचा मीटर पुरतो.

रात्रीचा भार कसा शोधायचा

कुलूप लावताना मीटरचं रीडिंग लिहा. सकाळी पहिला माणूस आला की एकही बटण दाबण्याआधी पुन्हा लिहा. समजा, संध्याकाळी 7 वाजता 18240.4 आणि सकाळी 9 वाजता 18247.4 आलं. म्हणजे 14 तासांत 7 युनिट. एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास, म्हणून 7000 ला 14 ने भागलं की 500 वॅट. आत चिटपाखरू नसताना हे ऑफिस 500 वॅट खातंय. वर्षाच्या 300 रात्री आणि 65 पूर्ण सुट्ट्या ढोबळमानाने धरल्या, तर हा आकडा 2880 युनिटांवर जातो.

हे 500 वॅट कोण खातं ते शोधायला इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा लुकलुकणारा दिवा कामाला येतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं, उदाहरणार्थ 1600 किंवा 3200. मीटर 3200 चा असेल, तर 1125 ला दोन लुकलुकण्यांमधल्या सेकंदांनी भागा. 1600 चा असेल तर 2250 ला. उत्तर वॅटमध्ये येतं. 3200 च्या मीटरवर दर 3 सेकंदांनी दिवा लागत असेल, तर त्या क्षणी 375 वॅट चालू आहेत.

1. सगळे गेल्यावर दहा लुकलुकण्यांचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या आणि दहाने भागा. एकाच लुकलुकण्यावर हिशेब केला तर चूक मोठी होते.
2. विजेच्या पेटीतला एक एमसीबी (एकेका भागाची वीज तोडणारा खटका) खाली करा, पुन्हा मोजा, फरक लिहा, एमसीबी वर करा. मग पुढचा.
3. सर्व्हर, फ्रिज, अलार्म आणि कॅमेऱ्यांचे एमसीबी आधी ओळखून सोडून द्या. पेटीवरच्या चिठ्ठ्यांवर मात्र विसंबू नका. वायरिंग बदललं तरी चिठ्ठ्या बदलायचं राहून जातं.
4. संशय एखाद्या प्लगवर आला, तर प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर लावून ते उपकरण 24 तास मोजा. कॉम्प्रेसर किंवा हीटर मधूनच चालू होतो, त्यामुळे पाच मिनिटांचं मोजमाप फसवतं.

सापडतात ते बहुतेक वेळा हेच: गरम-थंड पाण्याचा डिस्पेन्सर, गरजेपेक्षा मोठा यूपीएस, चालूच राहिलेले संगणक आणि बाहेरच्या पाटीचा दिवा. मोबाइलचा चार्जर नुसता भिंतीत राहिला तर वॅटचा अंशच जातो. त्यावरून कोणाशी वाद घालू नका.

डिस्पेन्सरला टायमर लावा: संध्याकाळी बंद, सकाळी माणसं यायच्या तासभर आधी चालू. इथे चूक होते ती टायमरच्या क्षमतेत. हीटर किंवा कॉम्प्रेसरच्या उपकरणाला 6 अँपियरचा हलका टायमर लावला तर संपर्क जळतात, प्लग वितळतो. 16 अँपियरचा घ्या आणि आत बॅटरी आहे ना ते बघा, नाहीतर वीज गेली तेवढं घड्याळ मागे पडतं आणि पंधरा दिवसांनी पाणी भर दुपारी गार मिळतं.

संगणकांवर स्क्रीन 5 मिनिटांनी बंद आणि मशीन 15 मिनिटांनी स्लीप, एवढं सेटिंग पुरे. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर ठेवू नका: फ्यूजर (टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना तो एकदम एवढा करंट ओढतो, की त्याच्यासाठीच मोठा यूपीएस घ्यावा लागतो, आणि मोठा यूपीएस रिकामा असतानाही वीज जाळत राहतो.

एसी

रात्रीचा भार सोडला तर सगळ्यात मोठा वाटा बहुधा थंडाव्याचा. तापमान एका अंशाने वाढवलं की एसीची वीज साधारण 5-6 टक्क्यांनी कमी होते. पंखा चालू असेल तर 26 अंशांवर बहुतेकांना बरं वाटतं. 24 च्या खाली जायची वेळ आली तर दोष बहुधा उन्हाच्या काचेत, दाराच्या फटीत किंवा कोंदलेल्या फिल्टरमध्ये असतो. साध्या, बिगर-इन्व्हर्टर एसीत 18 लावल्याने खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर तसाही पूर्ण ताकदीनेच चालतो, फक्त थांबायचा विसरतो.

फिल्टर दर दोन ते चार आठवड्यांनी धुवा. एसी बंद करा, पुढचं झाकण उघडा, जाळी काढा आणि पाणी मागच्या, म्हणजे स्वच्छ बाजूने सोडा. धुळीच्या बाजूने पाणी मारलं तर धूळ जाळीतच रुतते. सावलीत पूर्ण वाळवा. ओली जाळी घाईने बसवली की कुबट वास येतो आणि लोक रूम फ्रेशनर मारत बसतात. बाहेरच्या युनिटसमोर खोकी रचलेली नसावीत, कारण त्याने फेकलेली गरम हवा त्यालाच परत मिळते.

"गॅस कमी झालाय, दरवर्षी भरावा लागतो" हे वाक्य ऐकलं की थांबा. एसीतला गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. आर-410ए या गॅसचा हवामानावरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2088 पट आहे. म्हणजे किलोभर गळला की दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. आधी गळती शोधून बंद करायला लावा, मगच भरा. नवीन घेताना आर-32 (675 पट) किंवा आर-290 वापरणारं मॉडेल आहे का ते विचारा.

सर्व्हरच्या खोलीसाठी वेगळा एसी 18 वर ठेवणं ही जुनी सवय. आत शिरणारी हवा 27 अंशांपर्यंत असली तरी आजची यंत्रं नीट चालतात. थर्मामीटर मात्र खोलीच्या दाराशी न लावता रॅकच्या पुढच्या बाजूला लावा.

दिवे

36 वॅटची जुनी ट्यूब चोकसकट पंचेचाळीसच्या आसपास घेते. तिच्या जागी 18-20 वॅटची एलईडी ट्यूब चालते. पण जुन्या पट्टीत नुसती ट्यूब बदलून भागेलच असं नाही. तांब्याचा चोक असेल तर सोबत आलेला एलईडीचा स्टार्टर बसवावा लागतो, इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर तो बहुधा काढून थेट वायर जोडावी लागते. काही ट्यूबना वीज एकाच टोकाला लागते, काहींना दोन्ही टोकांना. चुकीची जोडली की शॉर्ट. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि पट्टीवर "थेट वायरिंग, फक्त एलईडी" अशी चिठ्ठी लावा. काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून ती न फोडता वेगळी ठेवा. फुटलीच तर खिडकी उघडा आणि पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा. व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका.

कागद

80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम) एक ए-4 कागद बरोबर 5 ग्रॅमचा असतो, कारण ए-4 हा एक चौरस मीटरचा सोळावा भाग. 500 कागदांची रीम म्हणजे अडीच किलो. महिन्याच्या रीम मोजा, किलोत मांडा. आकडा लगेच बोलतो.

"कागद वाचवा" असं भिंतीवर लावण्यापेक्षा पाठपोट छपाई हेच मूळ सेटिंग करा. यात एक मेख आहे. विंडोजमध्ये 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये केलेला बदल फक्त त्या माणसापुरता राहतो. सगळ्यांसाठी करायचा तर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमधलं 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' बदलावं लागतं. पाठपोट छापताना कागद अडकू लागला तर प्रिंटरला दोष देण्याआधी रीम बघा. उघडी पडलेली रीम ओल धरते, कागद वळतो आणि उलटताना अडकतो. रीम वेष्टणातच ठेवा.

पाठकोरे कागद प्रिंटरच्या ट्रेमध्ये परत घालू नका. एखादी राहिलेली पिन ड्रमवर चरा पाडते आणि वाचलेल्या कागदापेक्षा नुकसान मोठं होतं. त्यांचे चौकोन कापून टिपणवह्या करा. श्रेडरमधून फक्त गोपनीय कागद काढा, कारण तुकडे झाले की धागे आखूड होतात आणि रद्दीचा दर्जा घसरतो. थर्मल पावत्या, लॅमिनेट केलेले आणि तेलकट कागद रद्दीत मिसळू नका.

पाणी

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला 25-30 लिटर घालवतो. फ्लशची टाकी गळते का ते बघायला टाकीत खाण्याचा रंग टाका आणि 20 मिनिटं फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर बदला. हात धुण्याच्या नळांना पाण्यात हवा मिसळणारी जाळी (एरेटर) बसवा, ते काही मिनिटांचं काम आहे. आरओ शुद्धीकरण यंत्र बहुधा गाळलेल्या पाण्याहून जास्त पाणी फेकतं, म्हणून ते खरंच हवं आहे का ते प्रयोगशाळेत पाणी तपासून ठरवा. हातातला टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतू किंवा आर्सेनिक दाखवत नाही.

कचरा आणि जुनी यंत्रं

प्रत्येक टेबलाखालची टोपली काढा आणि मध्यावर तीन डबे एकत्र ठेवा: ओला, कागद, बाकीचं. डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत असले की जो जवळ त्यात सगळं पडतं. 'कंपोस्टेबल' म्हणून मिळणारे पीएलएचे (वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकचे) कप ऑफिसच्या कंपोस्ट डब्यात कुजत नाहीत, त्यांना साठ अंशांच्या आसपास तापणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. धुऊन वापरायचे कप आणा.

लॅपटॉपचा कार्बनभार मोठ्या प्रमाणात तो बनतानाच पडून गेलेला असतो. म्हणून वीज कमी खातो म्हणून नवीन घेण्याआधी जुन्यात एसएसडी आणि जास्त रॅम टाकून बघा. टचपॅड वर उचलला गेला असेल तर आत बॅटरी फुगलीय: चार्जिंग तत्काळ बंद करा, टोचू नका, बाहेर काढलेल्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती कागदांपासून दूर धातूच्या डब्यात ठेवा.

यंत्र भंगारात देण्याआधी नुसतं फॉरमॅट पुरत नाही. एसएसडीवर पुन्हा पुन्हा लिहूनही काही भाग शिल्लक राहू शकतो. उत्पादकाचं 'सिक्युअर इरेज' वापरा. मग अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्या आणि पावतीवर प्रत्येक नगाचा सिरियल नंबर लिहून घ्या.