टॅग अंगाला बांधा, कपड्याला नव्हे

कॅज्युअल्टीत नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना ट्रायाजचे, म्हणजे एकदम आलेल्या अनेक रुग्णांत आधी कोणाला पाहायचे हे ठरवण्याचे, चार रंग (लाल तातडीचा, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा किरकोळ, काळा मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला) शिकवावे लागत नाहीत. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये तयार झालेल्या ‘स्टार्ट’ पद्धतीचे प्रश्नही बहुतेकांना पाठ असतात: रुग्ण चालू शकतो का, श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त आहे का, मनगटाची नाडी लागते का, सांगितलेली साधी गोष्ट तो करतो का. परीक्षेत एवढ्यावर गुण मिळतात, म्हणून रंगांविषयी मी येथे फारसे लिहिणार नाही. मला फसवले ते टॅगच्या, म्हणजे रुग्णाला लावायच्या रंगीत ओळखचिठ्ठीच्या, कोपऱ्यात छापलेल्या क्रमांकाने. रुग्णाचा रंग तासाभरात दोनदा बदलू शकतो, क्रमांक मात्र घटनास्थळापासून वॉर्डापर्यंत एकच राहायला हवा, हे मला कोणी सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल तर त्या वेळी मी रंगांचा तक्ता पाठ करत असेन.

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यात मॉक ड्रिल होते. क्लोरीनच्या टाकीतून गळती झाली आहे असे मानले होते आणि कारखान्यातलेच १८ कामगार रुग्ण बनले होते. अग्निशमन दलाच्या जवानांनी बाहेर आणलेल्या प्रत्येकाला निर्विषीकरणाच्या तंबूपाशी, म्हणजे आम्ही ज्याला डीकॉन म्हणतो तेथे, टॅग लावण्याचे काम माझ्याकडे होते. रबरी हातमोज्यांच्या दोन थरांतून मनगटाला दोरी बांधणे जमेना, तेव्हा मी सोपा मार्ग काढला आणि टॅग सदऱ्याच्या काजात अडकवू लागले. काम झपाट्याने होत होते. माझ्या वेगाचे कौतुकही झाले आणि ते मी मनापासून स्वीकारले, हे कबूल करते.

पुढे काय झाले हे तुमच्या लक्षात आलेच असेल. डीकॉनमध्ये सर्वांत आधी कपडे उतरवतात, कारण अंगावरचे बहुतांश रसायन कपड्यांबरोबरच जाते. कपडे पिशव्यांत गेले, पिशव्या बांधल्या गेल्या आणि माझे टॅगही त्यांच्याबरोबर गेले. तंबूच्या दुसऱ्या बाजूने चादरी गुंडाळलेली, ओली, कुडकुडणारी १८ माणसे बाहेर आली आणि त्यांतील ११ जणांच्या अंगावर टॅगच नव्हता. चेहऱ्यावरून ओळखता येईल अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली, कारण एकाच वयाची, एकाच बांध्याची, एकसारख्या चादरीतली माणसे दहा मिनिटांपूर्वी मुखवट्याच्या धूसर काचेतून पाहिलेली असली की ओळखता येत नाहीत. ज्याला मी लाल टॅग लावला होता तो धडधाकट गृहस्थ हिरव्या गटात जाऊन चहा पीत होता. निरीक्षकांनी एवढेच विचारले, “सात नंबरचा पेशंट कुठे आहे, मॅडम?” मला उत्तर देता आले नाही.

ते ड्रिल होते म्हणून निभावले. खऱ्या प्रसंगात सात नंबर म्हणजे ज्याला ॲट्रोपिन हे विषबाधेवरचे औषध किती दिले हे फक्त त्या टॅगवर लिहिलेले आहे असा बेशुद्ध माणूस असतो, ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही आणि ज्याची बायको फाटकाबाहेर उभी आहे.

म्हणून टॅग अंगालाच बांधायचा. जपानमध्ये याचा क्रमच ठरलेला आहे: आधी उजवे मनगट, तेथे जखम असेल तर डावे, नंतर उजवा घोटा, मग डावा आणि काहीच शक्य नसेल तर गळा. कपड्याला किंवा बुटाला कधीही नाही. मी हाच क्रम पाळते, कारण टॅग कोठे शोधायचा हे पुढच्या माणसालाही न विचारता कळते. दोरी आधीच फास करून ठेवावी, म्हणजे हातमोज्यांतूनही ती मनगटावर सरकवून ओढता येते. टॅग साध्या कार्डाचा असेल तर पहिल्याच फवाऱ्याखाली त्याचा लगदा होतो आणि बॉलपेनची शाई धुऊन जाते, म्हणून न भिजणारा टॅग आणि पेन्सिल किंवा पक्क्या शाईचा मार्कर, याला पर्याय नाही. कपड्यांच्या आणि मौल्यवान वस्तूंच्या पिशवीवरही तोच क्रमांक हवा. पोलीस पंचनाम्यासाठी ती पिशवी मागतात आणि घड्याळ कोणाचे यावरून होणारे वाद मी पाहिले आहेत.

क्रमांक हरवण्याची दुसरी वाट अधिक छुपी आहे. आपल्याकडे दिसणाऱ्या अनेक टॅगांच्या रंगीत पट्ट्या खालून फाडायच्या असतात आणि शेवटी उरलेली पट्टी म्हणजे रुग्णाचा गट. रुग्ण बिघडला तर आणखी एक पट्टी फाडता येते. सुधारला तर फाडलेली पट्टी परत चिकटवता येत नाही, नवा टॅग लावावा लागतो. नव्या टॅगवर नवा क्रमांक असतो. जुना क्रमांक त्यावर लिहिला नाही तर कागदोपत्री एका माणसाची दोन माणसे होतात आणि बेपत्ता असलेल्या एकाला सगळे शोधत बसतात. घडीचे टॅग या बाबतीत बरे, कारण घडी बदलली की रंग बदलतो आणि क्रमांक तोच राहतो. खरेदी समितीत तुमचे कोणी ऐकत असेल तर तेच मागवायला सांगा. बहुधा ऐकणार नाहीत.

रंगाइतकीच वेळ लिहा. फॉस्जीन किंवा नायट्रोजनच्या ऑक्साइडांसारख्या विषारी वायूंनी बाधित झालेला माणूस सुरुवातीला केवळ खोकत असतो, हिरवा टॅग घेऊन बाकावर बसतो आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरते. टॅगवर वेळ नसेल तर तो किती वेळ ठीक होता हे सांगणार कोण? अशा हिरव्या रुग्णाला घरी पाठवू नका.

घटनास्थळीच सर्वांना टॅग लागतील, या भ्रमातही राहू नका. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष सोडले गेले, तेव्हा सेंट ल्यूक्स रुग्णालयात एका दिवसात ६४० रुग्ण आले. त्यांतील बरेच जण आपापल्या पायांनी किंवा मिळेल त्या वाहनाने, अंगावरच्या त्याच कपड्यांनिशी आले आणि त्या कपड्यांतून उठणाऱ्या वाफेचा त्रास कर्मचाऱ्यांनाही झाला. म्हणजे टॅगांचा गठ्ठा रुग्णालयाच्या फाटकावरही हवा आणि ‘दूषित’ अशी खूण असलेला रुग्ण, त्याचा रंग लाल असला तरी, डीकॉनशिवाय आत येता कामा नये. नातेवाईक ओरडतील. ओरडू द्या.

माणसाला क्रमांक देणे अनेकांना अमानुष वाटते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला, तेव्हा केईएम रुग्णालयात मृतांच्या कपाळावर क्रमांक लिहिले गेले आणि त्यांची छायाचित्रे फलकावर लावली गेली. त्यावर मोठी टीका झाली. गोंधळ टळावा आणि नातेवाइकांना एकेक मृतदेह पाहत फिरावे लागू नये, ही त्यामागची भूमिका मला आजही पटते. कपाळ ही जागा मात्र पटत नाही. मनगटावर बांधलेल्या टॅगने तेच काम झाले असते.

व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘पाच मिनिटांत ट्रायाज’ छापाचे तक्ते पुसून टाका, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांत रंग असतात, क्रमांक नसतो. ड्रिलमध्ये शिट्टी वाजवत फिरणाऱ्या वरिष्ठांपेक्षा ज्या सिस्टर रात्रपाळीत कॅज्युअल्टीचे रजिस्टर सांभाळतात त्यांच्याजवळ बसा. टॅगचा क्रमांक, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक आणि एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाचा) क्रमांक एकाच ओळीत लिहायला मला त्यांनीच शिकवले, तेही दोनदा रागावून. सुरुवातीला एका टॅगला दोन मिनिटे लागतील आणि मागची रांग पाहून हात थरथरतील. माझेही थरथरत होते. घरी जाड हातमोजे घालून खुर्चीच्या पायाला पन्नास वेळा फास सरकवा, मग तो अर्ध्या मिनिटात बसू लागतो. पुढच्या ड्रिलमध्ये मी तसेच केले. १८ पैकी १७ टॅग तंबूच्या पलीकडे पोहोचले आणि अठरावा मी घोट्याला इतका सैल बांधला होता की तो तंबूच्या नळाखाली सापडला.