चर्चजवळचा जिओकॅश: शेवटचे दहा मीटर फोन खिशात

इंग्लंडच्या खेड्यांत 'चर्च मायक्रो' मालिकेतले जिओकॅश (जीपीएसच्या खुणेवरून शोधायच्या खेळातल्या, इथे चर्चजवळ लपवलेल्या छोट्या डब्या) शोधताना दगडी मनोऱ्याजवळ, गर्द यू वृक्षांखाली जीपीएस भरकटतं आणि आपण फोनवरच्या बाणामागे गोल गोल फिरत बसतो.

१. मोकळ्यावर येऊन फोन मिनिटभर स्थिर धरा, दिशा पक्की करा.
२. शेवटच्या दहा मीटरला फोन खिशात. डबी लपवणाऱ्याने दिलेली हिंट वाचून नजर फिरवा: फाटकाचा खांब, सूचनाफलकाची मागची बाजू, बाकाखालची फट. डबी बहुधा फिल्मच्या रिळाच्या डबीएवढी.
३. आत नाव नोंदवायची चिठ्ठी असते, पण पेन मावत नाही. पेन्सिल न्या, दमट कागदावरही उठते. चिमटाही हवाच, घट्ट गुंडाळलेली चिठ्ठी बोटांनी निघता निघत नाही.

गडग्याचे दगड हलवू नका, थडग्यांना हात लावू नका. अंत्यविधी चालू असेल तर सरळ चहा प्यायला जा.