टेबलावरचे प्लॅनर मॅग्नेटिक स्पीकर घरी बनवताय? या चुका टाळा

प्लॅनर मॅग्नेटिक स्पीकर म्हणजे पत्र्यावर चिकटवलेल्या चुंबकांच्या रांगा आणि त्यांच्यासमोर ताणलेली पातळ प्लास्टिक फिल्म. फिल्मवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून करंट गेला की ती हलते आणि आवाज होतो. पहिल्यांदा बनवणाऱ्याला सगळी धास्ती फिल्मची वाटते. ती फाटेल, सुरकुतेल, पट्ट्या वाकड्या कापल्या जातील. पण फिल्म बिघडली तर काढून दुसरी ताणता येते. एपॉक्सीने पक्का बसलेला चुंबक उलटा निघाला, तर मात्र पत्र्यासकट काम वाया जातं. म्हणून खरी काळजी फिल्म लावण्याआधीच्या कामात घ्यायची.

खालचे आकडे एका ठरावीक मापाचे आहेत. एका पॅनेलला ५० × १० × ५ मिमीचे निओडिमियम चुंबक, एका रांगेत पाच, अशा सात रांगा. दोन रांगांत ८ मिमी फट. म्हणजे पॅनेलला ३५ आणि जोडीला ७० चुंबक; फुटले तर म्हणून चार-पाच जास्त घ्या. चुंबकांची जागा साधारण २५० × ११८ मिमी होते. माप बदलायचं असेल तर बदला, फक्त फटींची संख्या सम ठेवा. कारण पुढे येईल.

पत्रा आणि चुंबक

मागचा पत्रा साध्या एमएसचा (माइल्ड स्टीलचा), १.६ ते २ मिमी. चकचकीत दिसतो म्हणून ३०४ स्टेनलेस घेऊ नका, त्याला चुंबक धरत नाही आणि चुंबकीय वाटही पुरी होत नाही. ॲल्युमिनियमचंही तेच. भोकं फक्त फटींखाली हवीत, चुंबकाखाली नकोत. भोकं कमी पडली तर मागची हवा कोंडते, फिल्म जड चालते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. बेळगावात उद्यमबागेत लेझर कटिंगवाल्याला ड्रॉइंग दिलं तर दोन्ही पत्रे एकसारखे मिळतात. हाताने ड्रिल केलंत तर बर (भोकाच्या कडेला उरलेली धार) काढून, रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारूनच चुंबक आणा. चिकटवायच्या जागा मात्र कोऱ्या ठेवा.

आणि चुंबक वर्कशॉपमध्ये उघडू नका. ग्राइंडरची लोखंडी पूड एकदा चुंबकाला लागली की फुंकून, पुसून निघत नाही. तीच पूड पुढे फिल्मवर नाचते आणि महिनाभर खर्र आवाज कुठून येतो ते कळत नाही. लागलीच तर पॅकिंग टेप दाबून दाबून उचला.

चुंबक घेताना ते ५ मिमी जाडीच्या दिशेने चुंबकित केलेले आहेत ना, हे विचारून घ्या. मग सगळे एकावर एक चिकटवून मनोरा करा आणि एकेक काढताना वरच्या बाजूला मार्करने ठिपका द्या. पहिल्या रांगेत सगळे ठिपके वर, दुसऱ्या रांगेत सगळे खाली, तिसऱ्या रांगेत पुन्हा वर. एकाच रांगेतले शेजारी एकमेकांना ढकलतात, तर बाजूच्या रांगा एकमेकींना ओढतात. म्हणून फटीत ८ मिमीची लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी आणि रांगेच्या दोन्ही टोकांना अडसर हवाच. हळू सुकणारं एपॉक्सी वापरा आणि एक रांग रात्रभर सुकल्यावरच दुसरी लावा. घाईसाठी फेविक्विक वापरणारे पुष्कळ आहेत. पत्र्याला धक्का बसला की त्यांचे चुंबक सुटतात.

रांगा तपासायला फोनचा कंपास नको. ठिपक्याचा एक चुंबक काठीला चिकटवा आणि रांगांवरून आडवा फिरवा. ढकल, ओढ, ढकल, ओढ असं आलं पाहिजे. दोनदा लागोपाठ सारखंच जाणवलं तर एपॉक्सी ओलं आहे तोवर उलटवा. एक रांग उलटी गेली तर तिच्या दोन्ही बाजूंच्या फटी मेल्या समजा.

फिल्म आणि पट्ट्या

१२ मायक्रॉनची साधी पारदर्शक पीईटी (पॉलिएस्टर) फिल्म चालते. लॅमिनेशनची किंवा ओएचपीची शीट जड पडते. गिफ्ट पॅकिंगचा चंदेरी कागद पाहून मोह होतो, पण त्यावरचा धातूचा थर मायक्रॉनच्या काही शतांशांइतका पातळ असतो. आपल्या लांबीला रोध शेकडो ओम भरेल. उलट टोकाची चूक म्हणजे डक्टला लावायचा ॲल्युमिनियम टेप. तो ४० मायक्रॉनच्या आसपास, वर गोंदाचा थर. रोध जेमतेम १ ओम भरतो आणि ॲम्प्लिफायर स्वतःच्या संरक्षणासाठी बंद पडतो.

मधली वाट स्वयंपाकघरातल्या ११ मायक्रॉन फॉइलची. २ मिमी रुंद पट्टीला मीटरमागे सव्वा ओम धरा. सहा फटी, प्रत्येकीत दोन पट्ट्या, वळणं धरून ३.२ मीटर, म्हणजे ४ ओम. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका: १ मीटर पट्टी कापून मोजा आणि मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करा.

फॉइल स्प्रे गोंदाने फिल्मवर पसरून नंबर प्लेट बनवणाऱ्या रेडियमवाल्याच्या प्लॉटरवर कापून घेता येतं. ब्लेडचा दाब आधी तुकड्यावर जुळवा. फॉइल कापलं जावं, फिल्म नाही.

पट्टीची मांडणी नागमोडी: पहिल्या फटीत खाली, दुसरीत वर. एका फटीतल्या दोन्ही पट्ट्यांत करंट एकाच दिशेने हवा. एकाच सलग पट्टीने हे करायला गेलात तर एक टोक आत अडकतं. त्यापेक्षा दोन स्वतंत्र नागमोडी रेषा शेजारी शेजारी काढा. फटी सम असल्या की चारही टोकं वरच्याच बाजूला येतात. मग पहिलीचं शेवटचं टोक बाहेरून वायरने दुसरीच्या सुरुवातीला जोडा. इथली फसवी चूक म्हणजे ही वायर दुसरीच्या शेवटाला जोडणं. मल्टिमीटर ४ ओमच दाखवतो, पण प्रत्येक फटीत दोन पट्ट्या एकमेकींविरुद्ध जोर लावतात आणि आवाज जवळजवळ येतच नाही.

ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, शिवाय उष्णतेने फिल्म आकसते. टोकावर तांब्याची पट्टी ठेवून पितळी स्क्रू-वॉशरने दाबा.

ताण

फिल्म आणि चुंबकात १.५ ते २ मिमी अंतर. फिल्म काचेवर पसरून फ्रेमला डबल टेपने चिकटवा, मग हेअर ड्रायरने सगळीकडून सारखी गरम करा. सैल राहिली तर चुंबकाला आपटते, फार ताणली तर अनुनाद (ज्या स्वराला फिल्म सर्वांत जास्त हलते तो) वर सरकतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. फोनच्या टोन जनरेटरवर हळू आवाजात खालून वर जा. फिल्म १५० ते २०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त हलली तर ताण बरोबर.

फ्रेम एमडीएफची नको. खानापूर-जांबोटीकडचा पावसाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना कारण सांगायला नको: लाकूड फुगतं, ताण बदलतो आणि मेमध्ये जुळवलेला स्पीकर जुलैत करकरतो. ॲक्रिलिक किंवा ॲल्युमिनियम चॅनेल बरं.

वाजवण्याआधी

१.५ व्होल्टचा सेल क्षणभर टोकांना लावा. फिल्म पूर्ण रुंदीभर एकाच बाजूला हलली पाहिजे. एखादा भाग स्थिर राहिला तर तिथला चुंबक उलटा आहे. दोन्ही पॅनेल एकाच बाजूला हलतील अशा तऱ्हेने लाल-काळं ठरवा.

टीपीए३११६ चिपचा ॲम्प्लिफायर बोर्ड १९ व्होल्टच्या लॅपटॉप अडॅप्टरवर पुरतो. त्याचं काळं टोक म्हणजे ग्राउंड नव्हे. दोन्ही चॅनेलची काळी टोकं एकत्र जोडली तर बोर्ड जाईल.

एवढ्या पॅनेलकडून बासची अपेक्षा ठेवू नका. मागचा आणि पुढचा आवाज खालच्या स्वरांत एकमेकांना खातो. प्रत्येक पॅनेलला दोन २२० मायक्रोफॅरॅड कपॅसिटर उणे-उणे जोडून सिरीजमध्ये टाका. ४ ओमला साधारण ३६० हर्ट्झखालचं हळूहळू कापलं जातं. ते काम चार-पाच इंची वूफरला द्या.

एकाच स्वरावर खरखर आली तर तो स्वर चालू ठेवून मऊ ब्रशने फिल्मच्या एकेका भागाला हलका स्पर्श करा. जिथे खरखर थांबते तिथे बहुधा सुटलेली पट्टी, सुरकुती किंवा लोखंडाचा कण असतो. कुठेही थांबली नाही तर फ्रेमचे स्क्रू पाहा.

दुसऱ्या बाजूलाही चुंबकांचा पत्रा लावायचा विचार असेल तर समोरासमोर सारखेच ध्रुव यायला हवेत. विरुद्ध आले तर क्षेत्र फिल्ममधून आरपार जातं, फिल्म पुढे-मागे हलत नाही आणि दोन पत्रे इतक्या जोरात ओढले जातात की मधलं बोट चेंगरतं. पहिली जोडी एकतर्फीच करा. सुटे चुंबक मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि पेसमेकर असलेल्या माणसाला या कामापासून लांब ठेवा.

टेबलावर पॅनेल भिंतीपासून किमान ३० सेंमी पुढे, किंचित वर कललेली ठेवा. मागे लोखंडी कपाट असेल तर आधी त्याची दारं घट्ट बसतात का पाहा. पुष्कळदा खरखर तिथलीच असते.